प्रश्न आपले : ई-मेलवरून कार्यकारिणीची निवडणूक

मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण, शाळांतील जुन्या संगणकांवर लिनक्स बसवणे, अहिराणी शब्दांचा संग्रह, गावांचे डिजिटल नकाशे अशी कामे विनामोबदला करणाऱ्या गटांतील वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली असून त्या सर्वांचा विषय एकच आहे : विखुरलेल्या सदस्यांची निवडणूक ई-मेलवरून घ्यावी कशी आणि ती मान्य व्हावी कशी. त्यामुळे हा पूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे.

भुसावळ येथील एक वाचक : आमच्या गटात साठ सदस्य आहेत. ते रावेरपासून शहाद्यापर्यंत पसरलेले आहेत, काही नोकरीनिमित्त पुण्यात आहेत आणि दोघे परदेशात आहेत. आजवर पाच जणांची कार्यकारिणी जुनी मंडळी आपसांत ठरवत असत. या वर्षी ई-मेलवरून रीतसर निवडणूक घ्यावी असे ठरले आहे. कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

उत्तर : सॉफ्टवेअरचा विचार सर्वांत शेवटी करावा, सुरुवात मतदार यादीपासून करावी. ग्रामपंचायत असो वा विकास सोसायटी, खरा वाद मतदानाच्या दिवसाआधीच, यादीत कोणाचे नाव घातले आणि कोणाचे गाळले यावरून पेटतो, हे आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. ई-मेलच्या निवडणुकीत यादीचे महत्त्व आणखी वाढते, कारण केंद्रावर बसून चेहरा ओळखणारा कोणीही प्रतिनिधी येथे नसतो. ई-मेलचा पत्ता हीच मतदाराची ओळख असते.

प्रथम सदस्य कोणाला म्हणावे हे लेखी ठरवा. माझे मत असे की, स्वयंसेवी गटात मताचा अधिकार कामावरून ठरावा. मात्र काम म्हणजे केवळ प्रोग्राम लिहिणे नव्हे. गेल्या बारा महिन्यांत ज्यांनी भाषांतर केले, चाचणी घेतली, दोष नोंदवले, कार्यशाळेत शिकवले किंवा माहितीपुस्तिका लिहिली, ते सर्व सदस्य मानावेत. ही व्याख्या आखडती ठेवली की शिकवणाऱ्या आणि भाषांतर करणाऱ्या व्यक्ती, ज्यांत पुष्कळदा महिलांची संख्या मोठी असते, यादीतून निसटतात आणि कार्यकारिणी फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांची होऊन बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्रतेची तारीख. ती निवडणुकीच्या घोषणेपूर्वीची असावी, म्हणजे घोषणा ऐकून माणसे भरण्याचा मार्ग आपोआप बंद होतो. ही भीती कल्पनेतली नाही. जगाचा मुक्त नकाशा तयार करणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्पामागील संस्थेकडे २०१८ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर एकाच कंपनीच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांचे सदस्यत्वाचे अर्ज एकदम आले होते आणि त्यावर संस्थेला स्वतंत्र चौकशी करावी लागली होती. साठ सदस्यांच्या गटात असे पंधरा अर्जही निकाल फिरवू शकतात.

तिसरी गोष्ट तांत्रिक असून ती सहसा लक्षात येत नाही. जीमेलच्या साध्या पत्त्यात नावाच्या मधले टिंब गणले जात नाही आणि नावापुढे अधिक चिन्ह देऊन काहीही जोडले तरी ते पत्र त्याच खात्यात पोहोचते. त्यामुळे वरवर निराळे दिसणारे तीन पत्ते एकाच माणसाचे असू शकतात. यादी करताना टिंबे आणि अधिक चिन्हापुढील भाग काढून सर्व पत्ते एकमेकांशी ताडून पाहावेत. याच्या उलटही घडते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचा किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यालयाचा एकच पत्ता चार विद्यार्थ्यांनी दिलेला असतो. अशा प्रत्येकाकडून त्याचा स्वतःचा पत्ता मागून घ्यावा; सामायिक पत्त्यावर मतपत्रिका कधीही पाठवू नये, कारण तो पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्या सर्वांच्या हाती ती जाते.

यानंतर नाव आणि तालुका एवढाच तपशील असलेली कच्ची यादी सर्वांसमोर ठेवावी, हरकतींसाठी सात दिवस द्यावेत आणि मगच ती अंतिम करावी. ई-मेलचे पत्ते मात्र प्रसिद्ध करू नयेत आणि उमेदवारांनाही देऊ नयेत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. पण तो नसता तरी कामासाठी विश्वासाने दिलेला पत्ता प्रचारासाठी वापरणे गैरच ठरले असते. प्रत्येक उमेदवाराकडून ठरावीक शब्दमर्यादेत निवेदन घ्यावे आणि निवडणूक अधिकाऱ्याने सर्व निवेदने एकाच पत्रातून पाठवावीत. ते पत्र पाठवताना पत्ते गुप्त प्रतीच्या (बीसीसी) रकान्यात घालावेत, अन्यथा एका क्षणात सगळी यादी सर्वांच्या हाती पडेल.

अंतिम यादीतील प्रत्येकाला मतदानापूर्वी किमान दहा दिवस आधी एक चाचणीपत्र पाठवावे आणि त्याला एका शब्दाचे उत्तर मागावे. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांना दूरध्वनी करावा. पत्र स्पॅममध्ये गेले आहे, पत्ता बदलला आहे किंवा जुन्या कंपनीचा पत्ता बंद झाला आहे, हे सर्व तेव्हाच उघड होते आणि दुरुस्त करता येते. मतदान संपल्यावर उघड झाले तर त्यावर तोडगा उरत नाही.

चोपडा येथील एक वाचक : मतपत्रिका ई-मेलने पाठवून उत्तरात मत मागवले, तर ते गुप्त कसे राहणार? त्यापेक्षा गुगल फॉर्म बरा, असे आमच्यातील तरुण मुलांचे म्हणणे आहे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. उत्तरादाखल आलेल्या पत्रात मतदाराचे नाव आणि त्याचे मत शेजारी शेजारी असते, म्हणजे ते पत्र उघडणाऱ्याला सर्व काही कळते. गुगल फॉर्मने ही अडचण सुटत नाही, केवळ जागा बदलते. एका व्यक्तीने एकदाच भरावे अशी अट घातली की मतदाराला गुगल खात्यात प्रवेश करावा लागतो. अट काढली की तोच माणूस हवी तितकी मते भरू शकतो. पत्ते गोळा करण्याची सोय सुरू ठेवली तर मतापुढे पत्ता येतो. शिवाय फॉर्मचा मालक मतदान चालू असतानाच आकडे पाहू शकतो, आलेली उत्तरे पुसू शकतो आणि त्याला जोडलेल्या तक्त्यात फेरफारही करू शकतो. तो तसे करील असे मी म्हणत नाही. पण त्याने तसे केले नाही हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते, आणि निवडणुकीत प्रामाणिक माणसालाही असे साधन लागते.

माझ्या मते कोणत्याही पद्धतीची कसोटी एकच आहे : हरलेल्या उमेदवाराला निकाल स्वतः तपासता आला पाहिजे आणि तरीही कोणी कोणाला मत दिले हे कोणालाही कळता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात, म्हणून हे काम अवघड आहे.

याची सर्वांत अभ्यासण्याजोगी रीत डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त संगणकप्रणाली तयार करणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पाची आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९८ मध्ये आपली घटना स्वीकारली. त्याचे सुमारे हजार विकासक जगभर विखुरलेले असून ते दरवर्षी आपल्या प्रकल्पप्रमुखाची निवड ई-मेलने करतात. एक आठवडा उमेदवारीचा, तीन आठवडे प्रचाराचे आणि दोन आठवडे मतदानाचे असतात. मतदार आपल्या ई-मेलवर स्वतःच्या गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याजवळ असलेल्या सांकेतिक फाइलने, डिजिटल सही करतो. मते घेणारा प्रोग्राम ती सही अधिकृत किल्ल्यांच्या संचाशी ताडून पाहतो आणि मत मिळाल्याची पोच पाठवतो. मत बदलायचे असेल तर पुन्हा पाठवता येते आणि शेवटचे मत धरले जाते. निकालानंतर सर्व मतांचा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात नावाऐवजी एक संकेत असतो आणि तो आपला आहे हे फक्त त्या मतदारालाच पडताळता येते.

आपल्या गटातील प्रत्येकाला डिजिटल सहीची किल्ली तयार करून सांभाळायला लावणे हे आज शक्य नाही हे मला मान्य आहे. म्हणून त्याच विचाराची साधी आवृत्ती सुचवतो. येथे टपाली मतदानाची दोन पाकिटे डोळ्यांसमोर आणावीत : बाहेरच्या पाकिटात मतदाराचे प्रतिज्ञापत्र असते आणि आतल्या बंद पाकिटात मतपत्रिका. बाहेरचे पाकीट तपासून बाजूला केले की आतल्या पाकिटाला नाव उरत नाही. ई-मेलमध्येही हे काम दोन माणसांत विभागावे. पहिली व्यक्ती मतदार यादी सांभाळते आणि प्रत्येक मतदाराला एक सांकेतिक क्रमांक पाठवते. दुसऱ्या व्यक्तीकडे फक्त वैध क्रमांकांची यादी असते, नावे नसतात. मतदार आपला क्रमांक आणि पसंती एका साध्या फॉर्मवर भरतो, जो पत्ता विचारत नाही आणि खात्यात प्रवेशही मागत नाही. कोणता क्रमांक कोणाचा हे पहिलीला ठाऊक असते, पण मते तिच्या हाती येत नाहीत; दुसरीच्या हाती मते येतात, पण नावे येत नाहीत.

मतदान संपले की दुसरी व्यक्ती क्रमांक आणि त्यापुढील पसंती यांचा तक्ता जाहीर करते आणि प्रत्येकजण आपली ओळ तपासतो. परंतु हा तक्ता तसाच जाहीर केला तर पहिली व्यक्ती आपल्या यादीवरून नावे जुळवू शकेल. त्यासाठी मतदाराने मत देताना स्वतःच्या मनाने एक परवलीचा शब्द लिहावा आणि तक्त्यात क्रमांकाऐवजी तो शब्द छापावा. किती क्रमांक पाठवले आणि किती वापरले गेले हे आकडे मात्र स्वतंत्रपणे जाहीर करावेत. दोन्ही व्यक्तींनी संगनमत केले तर गुप्तता मोडेल हे खरे आहे, म्हणून त्या एकमेकांच्या निकटवर्ती नसाव्यात आणि दोघींपैकी कोणीही उमेदवार नसावे. सांकेतिक क्रमांक यादीच्या क्रमाने किंवा जन्मतारखेवरून बनवू नयेत. ते संगणकाकडून यादृच्छिक काढून घ्यावेत.

या रीतीत दोन धोके उरतात आणि ते सांगितलेच पाहिजेत. पहिला असा की, ज्याला आपले मत स्वतः तपासता येते त्याला ते दुसऱ्याला दाखवताही येते. गटात प्राध्यापक आणि त्यांचेच विद्यार्थी एकत्र असतील, तर ‘तुझा शब्द कोणता होता?’ असा प्रश्न पुढे येऊ शकतो. असा प्रश्न विचारणे हा आचारसंहितेचा भंग आहे, हे आधीच लिहून ठेवावे. दुसरा धोका पसंतीक्रमाचा, म्हणजे नावांपुढे १, २, ३ असे अंक लिहिण्याच्या रीतीचा, आहे. दहा उमेदवार असतील तर दहाही नावांचा एखादा विचित्र क्रम ही मतदाराची सहीच ठरते; ‘अमुक क्रमाने मत दे, मी तक्त्यात शोधीन’ असा दबाव त्यातून आणता येतो. म्हणून पसंती पहिल्या चार-पाचपुरती मर्यादित ठेवणे छोट्या गटाच्या हिताचे आहे.

यापेक्षा तयार सेवा वापरायची असेल, तर कॉर्नेल विद्यापीठातील ‘सिव्स’ ही विनाशुल्क सेवा प्रत्येक मतदाराला स्वतंत्र लिंक पाठवते; मात्र मतदारांनी आपला पत्ता तेथे आधी सक्रिय करून घ्यावा लागतो, म्हणून ते काम चाचणीपत्राच्या वेळीच उरकावे. स्वतः लिंक तयार करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा पत्रातील लिंक माणसाच्या आधी स्वतः उघडून तपासते. लिंक उघडताच मत नोंदले जात असेल, तर ते मत यंत्राने दिलेले असेल. लिंकवरून पान उघडावे आणि मत मात्र पानावरील बटण दाबल्यावरच नोंदले जावे.

शिरपूर येथील एक वाचक : आमच्या साठ सदस्यांपैकी बत्तीस एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आहेत. पाच जागांसाठी प्रत्येकाने पाच मते द्यायची, असे ठरत आहे. उरलेल्या अठ्ठावीस जणांना वाटते की, आपला एकही निवडून येणार नाही.

उत्तर : त्यांना वाटते ते खरे आहे. बत्तीस जणांनी एकमताने पाच नावे लिहिली तर त्या पाचही उमेदवारांना बत्तीस-बत्तीस मते पडतील आणि इतरांच्या उमेदवारांना फार तर अठ्ठावीस. निम्म्याहून थोडे अधिक मतदार सर्व जागा घेतील आणि उरलेल्यांना शून्य जागा मिळतील. यात कोणी लबाडी केलेली नसेल. मतमोजणीची रीतच तशी आहे.

यावर उपाय पसंतीक्रमाचा आहे आणि तो खानदेशातील पदवीधरांना चांगला ठाऊक आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे मिळून विधान परिषदेचा नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघ होतो. तेथे केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने नावांपुढे १, २, ३ असे अंक लिहावे लागतात. तीच पद्धत अनेक जागांसाठी वापरली की तिला एकल संक्रमणीय मत म्हणतात. राज्यसभेचे सदस्य आपल्या आमदारांकडून असेच निवडले जातात. सॉफ्टवेअरच्या जगात अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही १९९९ मध्ये स्थापन झालेली संस्था आपले नऊ संचालक दरवर्षी याच पद्धतीने निवडते.

आपल्या आकड्यांवर ती लावून पाहू. पाच जागा असतील तर एकूण वैध मतांना सहाने भागून त्यात एक मिळवायचा. साठ भागिले सहा म्हणजे दहा, अधिक एक. कोटा अकरा मतांचा झाला. अकरा मते मिळाली की उमेदवार निवडून येतो आणि त्याची जादा मते मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीही कोटा गाठत नसेल तेव्हा सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतेही पुढे सरकतात. बत्तीस जणांचा गट अकरा-अकरा मते खर्चून दोन जागा घेईल आणि त्याच्याकडे दहा मते उरतील. अठ्ठावीस जणांचा गटही दोन जागा घेईल आणि त्याच्याकडे सहा उरतील. पाचवी जागा दहावाल्यांकडे जाईल. निकाल तीन विरुद्ध दोन. बहुमत बहुमतच राहिले आणि अल्पमताला कार्यकारिणीत बसायला जागा मिळाली.

मोजणी किचकट वाटते, पण साठ मतपत्रिकांसाठी ती एका दुपारी हाताने करता येते. जादा मते कशी वळवायची आणि समसमान झाल्यास चिठ्ठी टाकायची की आधीच्या फेरीतील मते पाहायची, हे मतदानाआधी लिहून जाहीर केलेले असावे. निकाल दिसू लागल्यावर ठरवलेला नियम कितीही न्याय्य असला तरी तो कोणाच्या तरी बाजूचाच दिसतो. एकाने हाताने आणि दुसऱ्याने प्रोग्रामने, अशी दोनदा मोजणी करून दोन्ही निकाल जुळल्याखेरीज घोषणा करू नये.

धडगाव येथील एक शिक्षिका : सातपुड्यातील आमच्या पाड्यांवर दोन-दोन दिवस नेटवर्क नसते. मागच्या वेळी मतदान एका रविवारी सकाळी दहा ते पाच ठेवले होते. मी केंद्रशाळेच्या गावी पोहोचले तेव्हा ते संपले होते.

उत्तर : ताई, आपल्यावर अन्याय झाला आहे. एका दिवसाचे मतदान ही मतपेटी राखावी लागणाऱ्या निवडणुकीची गरज आहे. ई-मेलला तिची गरजच नाही. किमान दहा, शक्यतो चौदा दिवसांची मुदत असावी आणि तीत दोन आठवडी बाजारांचे दिवस यावेत, कारण पाड्यावरील माणूस त्या दिवशी नेटवर्कच्या गावात येतोच. मधल्या काळात एकदा आणि शेवटच्या दोन दिवसांपूर्वी एकदा स्मरणपत्र जावे. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांचे दिवस, आखाजीला माहेरी जाण्याचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा मुदतीत येऊ देऊ नये. शेवटची वेळ ‘रात्री बारा’ अशी न लिहिता तारीख आणि ‘२३:५९, भारतीय प्रमाणवेळ’ अशी लिहावी. परदेशातील सदस्यांचा घोळही त्यामुळे टळतो. आणि मतपत्रिका केवळ मजकुराची असावी. जड चित्रे आणि जोडपत्रे मंद नेटवर्कवर उघडत नाहीत.

पाचोरा येथील एक वाचक : पाच जागांसाठी पाचच अर्ज आले आहेत. बिनविरोध जाहीर करून मोकळे व्हावे का?

उत्तर : नियमावलीत तशी तरतूद असेल तर जाहीर करता येईल, परंतु मी मतदान घेण्याचा सल्ला देईन. डेबियनच्या मतपत्रिकेत उमेदवारांबरोबर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो आणि जो उमेदवार त्याच्या खाली राहतो तो एकटा असला तरी निवडून येत नाही. आपल्याकडे मतदान यंत्रावर २०१३ पासून ‘नोटा’ आहे, पण त्याला सर्वाधिक मते मिळाली तरी सार्वत्रिक निवडणुकीत पुढचा उमेदवारच विजयी ठरतो. आपल्या गटाने पहिली रीत घ्यावी. पाच अर्जांचे कारण सर्वांची संमती हेच असेल तर मतदानातून ते दिसेल. कारण उदासीनता किंवा दबाव असेल तर तेही दिसेल.

अमळनेर येथील एक वाचक : आमची संस्था नोंदणीकृत आहे. ई-मेलवरून झालेली निवड कायद्याने टिकेल का?

उत्तर : याचे उत्तर मुख्यतः आपल्या नियमावलीत आहे. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली संस्था बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदलेली असते. दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ नुसार विश्वस्तांमधील किंवा कार्यकारिणीतील बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्या वेळी पहिला प्रश्न हाच असतो की, निवड नियमावलीप्रमाणे झाली का. नियमावलीत ‘सर्वसाधारण सभेत उपस्थित सदस्यांच्या मतदानाने’ असे लिहिले असेल, तर ई-मेलचे मतदान कितीही चोख असले तरी त्यावर हरकत घेता येईल.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिलेली आहे, परंतु ती मान्यता आपल्या नियमावलीतील शब्द बदलत नाही. म्हणून आधी सर्वसाधारण सभेत रीतसर दुरुस्ती करून घ्यावी आणि तीत सूचनेची मुदत, मतदानाचा काळ, गणपूर्ती व हरकतीची रीत स्पष्ट लिहावी. दुरुस्ती मान्य होईपर्यंतची व्यवहार्य वाट अशी की, ई-मेलवर कौल घ्यावा आणि त्याच नावांवर सभेत नियमावलीप्रमाणे मतदान करून ठराव नोंदवावा. कागद दाखल करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला ते दाखवावेत; त्या शुल्काची काटकसर करू नये.

चाळीसगाव येथील एक वाचक : माझा दोन मतांनी पराभव झाला. मतांची पत्रे ज्या खात्यात आली त्याचा पासवर्ड मावळत्या सचिवांकडे होता आणि ते स्वतः उमेदवार होते. मला सगळी मूळ पत्रे पाहायला मिळावीत अशी मी मागणी केली, ती फेटाळली. माझ्यावर खिलाडूवृत्ती नसल्याचा आरोप होत आहे.

उत्तर : निकाल तपासू मागणे हा उमेदवाराचा हक्क आहे आणि तो वापरल्याबद्दल कोणी आपल्याला बोल लावू नये. तरीही आपली मागणी जशी आहे तशी मान्य करता येणार नाही, कारण मूळ पत्रे दाखवली की प्रत्येकाचे मत उघडे पडेल आणि मतदारांना गुप्ततेचे वचन दिलेले आहे. आपण वेगळे मागावे : किती मतदारांना मतपत्रिका गेल्या, किती परत फिरल्या, किती मते आली, कोणती बाद झाली आणि कोणत्या कारणाने, आणि नावाविना सर्व मतांचा तक्ता. ही माहिती देण्यास कोणी नकार देत असेल तर फेरनिवडणुकीची मागणी योग्य ठरते.

उमेदवार असलेल्या सचिवांकडे पासवर्ड असणे हा दोष मात्र गंभीर आहे. त्यांनी काहीही केले नसले तरी. तो दूर करण्यासाठी गटाबाहेरच्या, दोन्ही बाजूंना मान्य अशा एका जाणकाराने त्या खात्यातील पत्रे पाहावीत. पाठवणाऱ्याचे नाव ई-मेलमध्ये सहज खोटे लिहिता येते, पण पत्राच्या शीर्षभागात ते कोणत्या सर्व्हरमधून आले आणि त्या सेवेची डिजिटल खूण जुळते का, याची नोंद असते. पत्र पुढे पाठवले की ही नोंद गळते, म्हणून पाहणी मूळ खात्यातच किंवा मूळ स्वरूपात उतरवलेल्या प्रतीवरच व्हावी. त्या जाणकाराने गुप्तता पाळण्याचे लिहून द्यावे आणि अहवालात फक्त आकडे व दोष नोंदवावेत.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मार्च २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केले की, मतदानाच्या प्रक्रियेतील एका त्रुटीचा गैरवापर होऊन निकालावर परिणाम झाला आहे, आणि ती निवडणूक पुन्हा घेतली. २०२५ मध्ये तर गुप्तलेखनशास्त्राच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला आपली निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, कारण मते उलगडण्यासाठी तीन विश्वस्तांच्या तीनही किल्ल्या लागत होत्या आणि त्यांतील एकाची किल्ली हरवली. त्यानंतर तिघांपैकी दोन किल्ल्या पुरतील असा बदल त्यांनी केला. आपल्या गटातही खात्याची दारे एकाच माणसाच्या हाती नसावीत, आणि एक माणूस आजारी पडला म्हणून मोजणी अडू नये, अशी योजना हवी. दोन-टप्प्यांच्या प्रवेशाची सोय करून पासवर्ड एकाकडे आणि दुसऱ्या टप्प्याचा फोन दुसऱ्याकडे ठेवता येतो; दोन्ही मोहोरबंद पाकिटात तिसऱ्याकडे ठेवले की अडचणीच्या वेळी मार्ग उरतो.

आपल्या अर्जाला आजच लेखी स्वरूप द्यावे. त्यात वरील पाच गोष्टी मागाव्यात, खात्यातील एकही पत्र तूर्त पुसू नये अशी विनंती करावी, जाणकार म्हणून दोन नावे सुचवावीत आणि उत्तरासाठी सात दिवसांची मुदत द्यावी. अर्जाची प्रत सर्व उमेदवारांना पाठवावी. पाहणीत आकडे जुळले तर तसे लेखी मान्य करून हरकत मागे घ्यावी, आणि त्यानंतर मतपत्रांचे खाते दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत रिकामे करून त्याची नोंद इतिवृत्तात करावी.